सात नंबरचा माल

कोल्हापुरात मत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. रस्ता विचारा, रस्ता सांगायच्या आधी 'पण पावणं, तिकडं जाताय कशाला?' यावर तो मत देईल. आमच्या मंगळवार पेठेत सकाळी दूध आणायला बाहेर पडलेला माणूस अर्धा लिटर दुधाबरोबर तीन मतं घेऊन घरी येतो, त्यातलं एक त्या दुधाबद्दलचं असतं. फुटबॉलची मॅच असली की मग विचारूच नका. चेंडू रेषेच्या आत होता की बाहेर, हे तुम्ही मैदानात कुठं बसलाय यावर नव्हे, कुठल्या पेठेत जन्मलाय यावर ठरतं. एकदा चेंडू बाहेरच होता म्हणून मी स्वतः आईची शपथ घेऊन सांगितलं होतं. त्या वेळी मी वडा घ्यायला उठलो होतो आणि मैदानाकडं माझी पाठ होती.

फरक एवढाच, की बाकीचे लोक मत फुकट देतात आणि मला त्याचा पगार मिळायचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी इन्स्पेक्टर होतो. पोलिसातला नव्हे. आमचे सासरे लग्नकार्यात ओळख करून देताना 'आमचे जावई, इन्स्पेक्टर' एवढंच म्हणून थांबायचे. समोरचा माणूस जरा सावरून बसला की पुढचं मला सांगावं लागायचं. मी लोखंडाची कास्टिंगं तपासायचो. तीस वर्षं तपासली. गेल्या वर्षी रिटायर झालो. कामाच्या आठवणी लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितल्यावर बायको म्हणाली, "लिहा की. तेवढाच माझ्या कानांना आराम."

तर फौंड्री म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. लोखंड वितळवून त्याचा रस करायचा आणि तो वाळूच्या साच्यात ओतायचा, एवढाच हा धंदा. साचा करतो तो मोल्डर. पेटीत लाकडी नमुना ठेवायचा, भोवती वाळू ठासायची, मग नमुना अलगद काढून घ्यायचा. वाळूत त्याच्या आकाराची पोकळी राहते. तिच्यात रस ओतला, गार झाला आणि वाळू फोडली की आतून पंपाची बॉडी निघते. सांगायला सोपं आहे. पण वाळू जरा जास्त ओली राहिली की वाफ कोंडते आणि लोखंडाला भोकं पडतात. सैल ठासली तर ढासळून रसात मिसळते. फार घट्ट ठासली तर आतला वायू बाहेर पडत नाही, म्हणजे परत भोकं. किती ठासायची ते मोल्डरच्या हातालाच कळतं.

साफसफाई होऊन तो माल माझ्यापुढं यायचा. माझ्याकडं एक हातोडा, एक बॅटरी आणि खिशात खडू. हातोड्यानं ठोकलं की चांगलं कास्टिंग खणखणीत वाजतं, तडा गेलेलं भद्द बोलतं. मग बॅटरी मारून भोकं बघायची. पास असलं तर बरोबरची खूण, नापास असलं तर फुली. फुलीचा माल परत भट्टीत. वितळला की पुन्हा रस, पुन्हा साचा. डॉक्टरच्या चुका जमिनीत जातात म्हणे, माझ्या भट्टीत जायच्या. म्हणून तर माझी चूक झाल्याचं कधी कुणाला दिसलं नाही आणि 'माझी चूक होत नाही' असं माझं स्वतःबद्दल मत झालं.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, यात मताचा प्रश्न येतो कुठं? भोक आहे किंवा नाही. तसं नसतं हो. अगदी चांगलं कास्टिंग शेंबडं पोरही पास करील आणि फुटकं कुणीही फेकून देईल. प्रश्न मधल्यांचा असतो. बारीक भोक आहे, पण पुढं मशीनवर तो भाग घासला जाणार आहे, त्यात ते निघून जाईल की आणखी खोल निघेल? इथं हातोडा गप्प बसतो आणि इन्स्पेक्टर बोलायला लागतो. रोजचा निम्मा माल असा मधला असायचा. माणसंही मला बहुतेक मधलीच भेटली आहेत.

महिन्यातून एकदा रिजेक्शनची मीटिंग व्हायची. टेबलावर मधोमध एक भोकाचं कास्टिंग ठेवायचं आणि भोवती खातेप्रमुख बसायचे. भट्टीवाला म्हणायचा, "वाळू ओली होती." वाळूवाला म्हणायचा, "रस गार होता." पॅटर्नवाला म्हणायचा, "माझा नमुना नवा आहे, मी चाललो जेवायला." आणि शेवटी सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत व्हायचं, की इन्स्पेक्टर जरा जास्तच कडक आहे. एवढ्या वर्षांत त्या टेबलावरचं कास्टिंग हातात घेऊन फिरवून बघणारा माणूस मी पाहिला नाही. मत घेऊनच सगळे मीटिंगला यायचे. कास्टिंग फक्त मधे ठेवायला लागायचं. मला याची फार गंमत वाटायची. घरी येऊन बायकोला नकला करून दाखवायचो.

दुसरा नमुना म्हणजे पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचे साहेब. आमचा माल घ्यायच्या आधी तपासायला यायचे. हे साहेब काहीतरी नापास केल्याशिवाय परत जात नसत. कसं जाणार? सगळंच पास केलं तर मग आलेच कशाला, असं कुणीतरी विचारलं असतं. पहिल्या दोन खेपेला त्यांनी उत्तम माल उगीचच बाजूला काढला. मग आमच्या सुपरवायझरनं शक्कल काढली. रांगेत पुढंच दोन चांगली भोकंवाली कास्टिंगं ठेवायची. साहेब यायचे, वाकायचे, चष्मा वर करायचे. "हे काय? हे चालणार नाही हं!" आम्ही तोंडं पाडायचो. सुपरवायझर कपाळाला हात लावायचा. "साहेब, तुमच्या नजरेतनं काय सुटतंय!" मग साहेब एकदम खूश आणि उरलेला ढीग चहा पिता पिता पास. त्यांची नजर किती तीक्ष्ण आहे ही कीर्ती हळूहळू पुण्यापर्यंत गेली, त्यांना बढती मिळाली, आणि पुढं त्या जागेवर जो आला तो खरंच बघायला लागला. आम्हाला फार त्रास झाला.

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं रंगवून सांगत आलो. लोक हसायचे, मीही हसायचो. बघा, माणूस कसा असतो म्हणायचो. माणूस म्हणजे अर्थातच दुसरा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. यायला उशीर केला, कारण यायची इच्छा नव्हती.

आमच्याकडं प्रत्येक मोल्डरचा एक नंबर असायचा. त्या नंबरचा बोटभर लोखंडी शिक्का तो साचा मिटायच्या आधी वाळूत एका कोपऱ्यात दाबायचा, म्हणजे तयार कास्टिंगवर तो आकडा उठून यायचा. कुणाचा माल किती नापास झाला हे त्यावरून कळायचं. सोय चांगली होती. माल माझ्यापुढं यायचा तो कोपऱ्यावर करणाऱ्याचं नाव घेऊनच यायचा.

बारा नंबर बसाप्पाचा. बसाप्पा सीमाभागातला, निपाणीच्या पलीकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि पेटी उचलताना 'यप्पा!' कपाळावर भस्माचे तीन पट्टे, इस्त्रीचा शर्ट, आल्या आल्या "नमस्कार साहेब". माझं ऑफिस म्हणजे पत्र्याचा आडोसा. पण आत येताना हा चपला बाहेर काढायचा. हत्यारं एका ओळीत मांडून ठेवायचा. पहिल्या दिवशीच मी मनात म्हटलं, हा कारागीर आहे.

सात नंबर आनंदाचा. आनंदा कोडोलीचा. पहाटे म्हशींचं सगळं उरकून मग एसटीनं यायचा. पहिल्या दिवशी आला तो वीस मिनिटं उशिरा, पायाला चिखल, अंगाला गोठ्याचा वास, आणि मी नियम समजावून सांगत असताना या गड्यानं माझ्या तोंडावर एवढी मोठी जांभई दिली. मी मनात म्हटलं, याचं लक्ष कामात नाही, हा शेण काढायच्या लायकीचा.

हे मत बनायला मिनिटभर लागलं आणि सात वर्षं टिकलं. आमच्या फौंड्रीतलं एवढं टिकाऊ दुसरं काही निघालं नसेल.

आणि पुरावाही रोज मिळत होता ना! सात नंबरच्या मालाला फुल्या जास्त पडायच्या. मीच मारायचो, पण माल वाईट म्हणूनच ना? बारा नंबरचं एखादं कास्टिंग गिऱ्हाइकाकडनं परत आलं, तर मी ठामपणे सांगायचो, "त्यांच्या मशीनवाल्यानं घोळ केलाय. बसाप्पाचा हात असा चुकायचा नाही." सात नंबरचं आलं की म्हणायचो, "मी म्हणतच होतो." दोन्ही वेळा माझं मत आणखी पक्कं व्हायचं. त्या मीटिंगमधल्या भट्टीवाल्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता, की माझ्या हातात खडू होता.

एके वर्षी कंपनीनं ठरवलं, की कंत्राटी मोल्डरांपैकी काही कायम करायचे आणि बाकीचे बंद करायचे. शेवटच्या महिन्यातलं रिजेक्शन बघून यादी निघणार होती. बसाप्पा आधीपासून कायम होता. टांगणीला लागला तो आनंदा. घरची शेती थोरल्या भावानं बघायची आणि ह्यानं कारखान्यात राहायचं, अशी त्यांच्या घरात वाटणी झालेली. पोरगी पॉलिटेक्निकला घातलेली. त्या महिन्यात तो एक दिवस माझ्याकडं आला आणि हातातला फडका पिळत म्हणाला, "साहेब, एवढा म्हैना जरा बघून घ्या."

मी म्हणालो, "मी बघूनच घेतो. तू बघून करत जा."

काय टाळी घेणारं वाक्य बोललो असं मला त्या वेळी वाटलं होतं. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

महिना संपला. मी तक्ता दिला. सात नंबर नेहमीप्रमाणे सगळ्यात वर. सोमवारी बोर्डावर यादी लागली आणि बंद होणाऱ्यांत आनंदाचं नाव होतं. मला जरा वाईट वाटलं. पण एखाद्याला बरोबर ओळखलं होतं याचंही एक समाधान असतं, तेही वाटलं. खोटं कशाला सांगू?

दुपारच्या सुट्टीत बसाप्पा आला. चपला बाहेर काढल्या, आत येऊन उभा राहिला. मागं आनंदा, दाराशीच.

"साहेब, एक सांगायचं हाय. रागावू नका."

"बोल की."

"भाईर सात नंबरचा फुलीचा ढीग पडलाय का न्हाय, त्यो आनंदाचा न्हाय. माझा हाय."

मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. महिन्याच्या पहिल्या दिवसापासून दोघांनी आपले शिक्के बदलून घेतले होते. दोघं शेजारी शेजारी उभे राहून एकाच नमुन्याचं काम करायचे. बसाप्पा सात दाबत होता, आनंदा बारा. महिनाभर मी ज्या फुल्या मारल्या त्या माझ्या लाडक्या कारागिराच्या मालावर, आणि जो माल पास करत होतो तो सगळा शेण काढायच्या लायकीच्या माणसाचा.

मी काय केलं असेल? ओरडलो. "हा फ्रॉड आहे! कंपनीला फसवताय? दोघांनाही आत्ता घालवतो!" पत्र्याच्या आडोशात ओरडलं की आवाज मोठा होतो, त्यामुळं आपलं खरं असल्यासारखं वाटतं.

बसाप्पा शांतपणे म्हणाला, "घालवा की साहेब. पर आधी ढीग बघा. आनंदा न्हायच म्हणत हुता, मीच हट्ट धरला. चार वरसं बघतोय. माझं चुकलेलं तुमी सोडताय, ह्येचं बरं असलेलं फुलीत टाकताय. पयलं वाटलं, साहेब दमल्यात. मग लाज वाटाय लागली. माझं नाव हाय म्हणून माझा माल पास, ह्ये काय माझ्या हाताचं कौतुक न्हाय."

भट्टीचं आतलं अस्तर बदलायचं काम चालू होतं, म्हणून तो ढीग अजून वितळायचा राहिला होता. बसाप्पानं त्यातली दहा कास्टिंगं काढली. शनिवारी मी पास केलेली बारा नंबरची दहा अजून गाडीत चढली नव्हती, तीही आणली. खडूच्या खुणा फडक्यानं पुसल्या आणि सगळ्यांच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर ओली माती थापली. मग वीस नग उलटेपालटे करून माझ्यापुढं मांडले.

"आता बघा साहेब."

मी पहिलं उचललं आणि सरळ कोपऱ्याकडं फिरवलं. तिथं माती. पुढं काय करायचं ते मला सुचेना. खरंच सांगतो, हातोडा हातात धरून मी तसाच उभा राहिलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला प्रथमच कळलं, की मी आधी आकडा बघत होतो आणि मग माल. ठोकलं. खणखणीत वाजलं. परत ठोकलं. विश्वास बसेना, तिसऱ्यांदा ठोकलं. एरवी वीस नगांना मला पंधरा मिनिटं लागायची, त्या दिवशी दीड तास लागला. घामानं सदरा पाठीला चिकटला.

मग माती काढली. फुलीच्या ढिगातली सहा मी पास केली होती. पास मालातली तीन नापास. म्हणजे दोघांचे हात जवळपास सारखेच. आनंदा वाईट नव्हता, बसाप्पा काही देवमाणूस नव्हता. दोघंही मधलेच, आणि सात वर्षं मी एकाला आत आणि एकाला बाहेर ठेवत होतो.

आनंदा म्हणाला, "साहेब, मी घरला जाऊन रोज हात बघायचो. म्हणायचो, काय वंगाळ हाय ह्येच्यात? बसूअण्णागतच ठासतोय, तीच वाळू, त्योच रस. मग तुमच्या भ्यानं आनी घट ठासाय लागलो. मग खरंच भोकं पडायची."

मला लाज वाटली. भारी शब्दातली नव्हे, साधी लाज. त्याच्या तोंडाकडं बघवेना. मी हातोडा खाली ठेवला आणि म्हणालो, "चला. साहेबांना आत्ताच्या आत्ता सांगतो."

मोठ्या साहेबांची काचेची केबिन होती. हे दोघं बाहेर थांबले, मी आत गेलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझा तक्ता चुकलाय, हाच नव्हे, आधीचेही चुकलेत. आनंदाचं नाव यादीतून काढा.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागं रेलले. "तुमची चूक? तुमच्यासारखी नजर अख्ख्या शिरोलीत नाही."

"नाही साहेब. माती लावून बघितलं. मी आकडा बघून ठरवत होतो."

"अहो, मला कळतं सगळं. गरीब माणूस आहे, नोकरी जाते म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. फार मोठं मन आहे तुमचं."

"मन नाही साहेब, खरंच चुकलंय. ढीग बाहेर आहे, चला, बघा."

"मी कशाला बघू? तुमचा शब्द आहे ना, बस झालं."

आता याला काय करायचं सांगा. माझा शब्दच तर मी सांगत होतो! पण त्यांच्याकडं माझा एक जुना शब्द होता, तो त्यांना जास्त पटलेला होता. मी जेवढं 'चुकलो' म्हणत गेलो तेवढा त्यांच्या नजरेत मोठा होत गेलो. वर ते म्हणाले, "शिक्के बदलणं ही गंभीर गोष्ट आहे. खरं तर बसाप्पालाही घरी पाठवायला पाहिजे. पण तुमच्यासाठी सोडतो. विषय संपला." मी आणखी एकदा तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी ते मिटलं. बसाप्पाची नोकरी वाचली ना, आता ताणण्यात अर्थ नाही, असा मी विचार केला. विचार असा वेळेवर येतो.

बाहेर येऊन म्हणालो, "सांगितलं रे. ऐकत नाहीत."

आनंदा "बरं" म्हणाला आणि आपला डबा घ्यायला गेला. बसाप्पा त्याच्या मागोमाग गेला.

लेखी द्यायचं मी ठरवलं. लिहिलंही, दोन पानं. ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. आज साहेब बाहेरगावी, उद्या ऑडिट, परवा वाटलं की कागदावर आलं तर बसाप्पावर शेकेल. कारणं मला कधीच कमी पडली नाहीत. पंधरा दिवसांत भट्टी चालू झाली आणि तो ढीग वितळला. तो वितळताना मी बघायला गेलो होतो. वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी तपासायच्या आधी कोपऱ्यावर फडका टाकत होतो. पोरं म्हणायची, साहेबांचं काहीतरी नवीन तंत्र आहे. बसाप्पा चपला बाहेर काढायचा, पण "नमस्कार साहेब" म्हणायचं त्यानं सोडलं.

निरोपाच्या समारंभात मोठे साहेब माझ्या नजरेबद्दल दहा मिनिटं बोलले. शेवटी ती गोष्टही सांगितली, एका कामगारासाठी स्वतःवर चूक घ्यायला निघालेल्या दिलदार इन्स्पेक्टरची. टाळ्या पडल्या. बायकोला रडू आलं. मी मान खाली घालून बसलो, तर लोक म्हणाले, बघा, किती विनयशील.

गेल्या उन्हाळ्यात एका पाहुण्यांच्या वास्तुशांतीला कोडोलीला गेलो होतो. जेवण झाल्यावर आनंदाचं घर विचारत गेलो. गोठ्यातच होता. सहा म्हशी, स्वच्छ फरशी, पाण्याचा पाइप. मला बघून पाइप बंद केला. "या साहेब. लई दिसानं." खुर्ची आणली, आतून ताक आणवलं. पोरगी पॉलिटेक्निक पास होऊन साताऱ्याला नोकरीला लागली होती. ऐकून बरं वाटलं.

"दुसऱ्या फौंड्रीत नाही गेलास?"

"गेलतो की. दोन जागी. पयलं विचारत्यात, आधी कुठं हुता, का काढलं. मग जीवच करंना. म्हसरं बरी. दूध घालतोय डेअरीला. फॅट मशीन सांगतंय."

त्यानं हे सहज म्हटलं. टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. पण मला राहवेना. इतकी वर्षं आत साचलेलं एकदाचं बोलून टाकलं. "आनंदा, तुला वाटत असेल मी काहीच केलं नाही. पण त्या दिवशी मी साहेबांना सगळं खरं सांगितलं होतं. माझीच चूक आहे म्हणालो. शपथ घेतो."

"व्हय की," तो म्हणाला. एखाद्या म्हाताऱ्याची समजूत काढावी तसं.

"अरे, खरंच. तुझा विश्वास नाही?"

त्यानं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. राग नव्हता त्याच्या तोंडावर, असता तर बरं झालं असतं.

"साहेब, केबिनला काच हुती. मी भाईर हुबा हुतो. ऐकू काय येत नव्हतं. दिसत हुतं. तुमी हसत हुता."

हसलो होतो मी. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा. वर तो सगळा प्रसंग लिहिला, तेवढं मात्र लिहायचं राहिलं.